चूक न दाखवणाऱ्या भाषा शिकताना

सी किंवा जावा शिकताना एखादा अर्धविराम द्यायचा राहिला, तर प्रोग्राम चालतच नाही. कंपायलर ओळीच्या क्रमांकासह चूक सांगतो आणि ती सुधारल्याखेरीज पुढे जाऊ देत नाही. वेबपानाची रचना सांगणारी एचटीएमएल आणि त्याची सजावट सांगणारी सीएसएस यांचे तसे नाही. टॅग बंद करायचा राहिला, परिच्छेदाच्या आत नको तो टॅग घातला, रंगाच्या नावाचे स्पेलिंग चुकले, तरी पान उघडते. सीएसएसमधली न कळलेली ओळ ब्राउझर काही न बोलता सोडून देतो आणि पुढची वाचू लागतो. मोडक्या एचटीएमएलमधूनही तो काहीतरी उभे करून दाखवतो.

वेब एवढे पसरले ते या सोशिकपणामुळेच. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न प्रयोगशाळेतून जगापुढे ठेवलेले पहिले पान आजच्या फोनवरही उघडते. २००० साली एक्सएचटीएमएल आले, तेव्हा ही ढील काढून घेण्याचा प्रयत्न झाला. एक टॅग चुकला तरी पानाऐवजी चूक झाल्याची सूचना दिसावी, इतका तो नियम कडक होता. वेब बनवणाऱ्यांना तो पेलला नाही. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्याकडच्या लोकांनी एचटीएमएलच पुढे नेण्यासाठी व्हॉटडब्ल्यूजी हा गट स्थापन केला. २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ चे काम थांबवायचे ठरले. एचटीएमएल ५ ने मग उलटी वाट धरली : चुकलेल्या पानाचा अर्थ सगळ्या ब्राउझरांनी एकसारखा कसा लावायचा, हेच नियमांत लिहून ठेवले.

वाचणाऱ्याची यात सोय झाली, पण शिकणाऱ्याची पंचाईत झाली. पान नीट दिसले म्हणजे ते नीट लिहिले आहे, असा समज पहिल्या आठवड्यातच पक्का होतो आणि पुढे वर्षानुवर्षे टिकतो. जो कडकपणा ब्राउझर दाखवत नाही, तो शिकवणाऱ्या साधनाने दाखवावा लागतो. म्हणून पुस्तक असो, संकेतस्थळ असो की क्लास, माझी कसोटी एकच आहे. दिसायला ठीक पण मुळात चुकीच्या पानातली चूक ओळखायला ते शिकवते का?

उदाहरण बटनाचे घ्या. डिव्ह या साध्या, स्वतःचा अर्थ नसलेल्या टॅगला निळा रंग दिला, कोपरे गोल केले आणि त्यावर क्लिक ऐकणारी जावास्क्रिप्ट बसवली, की हुबेहूब बटन दिसते. माउसने ते चालतेही. पण कीबोर्डची टॅब कळ त्याच्यापर्यंत पोचत नाही, एंटर दाबून ते चालत नाही, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीला तिथे बटन आहे हे कळतच नाही. खरा बटन टॅग वापरला असता, तर हे सगळे आपोआप मिळाले असते. वेबएम ही अमेरिकेतली संस्था २०१९ पासून दरवर्षी सर्वाधिक भेट दिल्या जाणाऱ्या दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासते. २०२४ च्या पाहणीत त्यातल्या ९५.९ टक्के पानांवर सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही पान वापरता यावे यासंबंधीच्या, आपोआप सापडणाऱ्या चुका निघाल्या. सुमारे ८१ टक्के पानांवर मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक पुरेसा नव्हता, निम्म्याहून जास्त पानांवर चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता. ही पाने हौशी मुलांनी केलेली नाहीत. शिकतानाच काहीतरी निसटले आहे, एवढा निष्कर्ष यातून निघतोच.

निवडीत पहिली अडचण येते ती साधनाच्या वयाची. ब्राउझर जुने सहसा नाकारत नाही, त्यामुळे जुनी ट्यूटोरियलेही कालबाह्य वाटत नाहीत. सेंटर, फाँट आणि मार्की हे टॅग नियमांतून केव्हाच बाद झाले, पण लिहिले तर आजही चालतात. हाकोन व्हिउम ली यांनी सीएसएसची कल्पना १९९४ मध्ये मांडली, बर्ट बॉस यांच्या साथीने ती घडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाण ठरली. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे पानाची मांडणी टेबलांनी होत राहिली. मग फ्लोटचा काळ आला. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांच्या लेखाने फोन ते मोठा पडदा असे सगळीकडे जुळवून घेणाऱ्या पानांची वाट दाखवली. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी यांनी जवळपास एकाच वेळी ग्रिड आणले, आणि मांडणीसाठी करावे लागणारे बहुतेक द्राविडी प्राणायाम संपले. जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झाला. तेव्हा एखादा धडा पानाचे दोन रकाने फ्लोटने पाडायला सांगत असेल, फ्रेम शिकवत असेल किंवा इंटरनेट एक्सप्लोररसाठी वेगळ्या ओळी लिहायला लावत असेल, तर तो कितीही सोप्या भाषेत असला तरी बाजूला ठेवावा. फ्लोट अजून उपयोगी आहे, पण चित्राभोवती मजकूर वाहता ठेवण्यापुरताच. तारीख छापलेली नसेल, तर फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या मांडणीच्या नव्या पद्धतींना स्वतंत्र प्रकरणे आहेत का, एवढे पाहिले तरी वयाचा अंदाज येतो.

आता प्रत्यक्ष साधनांकडे. शोधयंत्रात काहीही टाका, डब्ल्यूथ्रीस्कूल्स वर दिसण्याची शक्यता मोठी. नॉर्वेतल्या एका कंपनीने १९९८ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळाचा वेबचे प्रमाण ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीशी काहीही संबंध नाही, पण नावामुळे अनेकांची तशी समजूत होते. २०११ मध्ये काही अनुभवी वेब विकासकांनी त्यातल्या चुकांची यादीच जाहीर केली होती. पुढे बऱ्याच चुका दुरुस्त झाल्या आणि टीकाकारांनीही सूर मवाळ केला. आज त्याकडे तुच्छतेने पाहणे मला अन्यायाचे वाटते. छोटे उदाहरण, शेजारीच ते बदलून पाहण्याची सोय आणि सोपे इंग्रजी यामुळे इंग्रजीची धास्ती असलेल्या कितीतरी मुलांनी पहिला टॅग तिथेच लिहिला असेल. पण ते 'काय लिहावे' सांगते. 'का' याला तिथे जागा कमी. सेक्शन आणि आर्टिकल यांत काय फरक, डिव्ह कधी टाळावा, लेबल का हवे, हे त्याच्या दोन ओळींच्या स्पष्टीकरणातून कळत नाही. विसरलेले आठवायला ते चांगले आहे, समजून घ्यायला अपुरे.

समजून घ्यायचे असेल, तर एमडीएन. मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलेला हा संदर्भसाठा आज या विषयातला सर्वांत विश्वासार्ह मानला जातो, आणि तो मान रास्त आहे. प्रत्येक टॅगच्या पानावर त्याचा अर्थ, कुठे वापरावा, कुठे वापरू नये, सुगम्यतेच्या दृष्टीने काय जपावे आणि कोणत्या ब्राउझरमध्ये कधीपासून चालते, हे सगळे असते. अलीकडे पानाच्या माथ्यावर 'बेसलाइन' नावाची खूण दिसते. ही गोष्ट सगळ्या प्रमुख ब्राउझरांत बिनधास्त वापरता येईल का, ते तिच्यावरून एका नजरेत समजते. नवशिक्यांसाठी तिथे वेगळा अभ्यासक्रमही आहे. पण बहुतेक जण संदर्भाच्या पानांवर येऊन पडतात, तिथली दाट माहिती पाहून घाबरतात आणि परत फिरतात. त्यांनी सरळ शिकण्याच्या विभागातून आत जावे.

एमडीएनचीच एक गोष्ट साधने निवडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे अडीचशे जणांना कमी केले, त्यात एमडीएन लिहिणारेही होते. एवढा मोठा सार्वजनिक ठेवा एका संस्थेच्या ताळेबंदावर टांगलेला आहे, हे तेव्हा सगळ्यांना जाणवले. त्याच वर्षाअखेर मजकूर गिटहबवर नेण्यात आला, आणि २०२१ च्या सुरुवातीला ओपन वेब डॉक्स हा उपक्रम उभा राहून लेखकांना पुन्हा पगार मिळू लागला. सगळ्यांचेच नशीब असे नसते. डब्ल्यूथ्रीसीने मोठमोठ्या कंपन्यांना घेऊन २०१२ मध्ये वेबप्लॅटफॉर्म नावाचा असाच संदर्भसाठा सुरू केला, तो २०१५ मध्ये बंद पडला. फ्लेक्सबॉक्सची सचित्र मार्गदर्शिका देणारे सीएसएस-ट्रिक्स २०२२ मध्ये विकले गेले आणि नंतर काही काळ तिथे नवे लेखन जवळजवळ थांबले. साधनामागे कोण आहे आणि ते पुढच्या वर्षी अद्ययावत राहील का, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

गूगलच्या वेब डॉट डेव्हवरचे अभ्यासक्रम तुलनेने नवे आहेत. एस्टेल वाइल यांनी लिहिलेला एचटीएमएलचा आणि जेरेमी कीथ यांनी लिहिलेला रिस्पॉन्सिव्ह डिझाइनचा, हे दोन्ही मला विशेष आवडतात, कारण ते टॅगांची यादी देत नाहीत, विचार देतात. कीथ यांचा आग्रह एकच : आधी मजकूर आणि त्याची रचना पक्की करा, मग सजावट. या क्रमाने शिकलेला माणूस जाळे मंद असताना, फोन जुना असताना, सीएसएस उतरलेच नाही तरीसुद्धा वाचता येईल असे पान बनवतो.

ज्यांना वाचून नव्हे तर करून शिकायचे आहे, त्यांच्यापुढे दोन मोठे मोफत पर्याय आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेला फ्रीकोडकॅम्प ब्राउझरमध्येच एकेक ओळ लिहून घेतो, मांजरांच्या फोटोंच्या पानापासून सुरुवात करतो आणि प्रत्येक पायरी तपासतो. म्हणजे ब्राउझर देत नाही तो नकार इथे मिळतो, हे त्याचे मोठे बळ. उणीव अशी की पायऱ्या इतक्या लहान आहेत की हात धरून चालवल्यासारखे होते. शंभर पायऱ्या पार केलेल्या मुलाला कोरी फाइल दिली तर सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. २०१३ पासूनचा ओडिन प्रोजेक्ट याच्या अगदी उलट. तो सुरुवातीलाच स्वतःच्या संगणकावर एडिटर आणि गिट बसवायला लावतो, वाचायला लेख देतो आणि कोऱ्या फाइलमध्ये पाककृतींचे संकेतस्थळ उभे करायला सांगतो. त्याला वेळ लागतो, इंग्रजी वाचनाची सवय लागते आणि बरा संगणक लागतो. फोनवरच शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तो दार उघडत नाही, आणि आपल्याकडे असे विद्यार्थी थोडे नाहीत. त्यांच्यासाठी फ्रीकोडकॅम्पच जवळचा. फ्लेक्सबॉक्स समजत नसेल तर फ्लेक्सबॉक्स फ्रॉगीच्या चोवीस पातळ्या एका बैठकीत खेळून होतात, आणि शब्दांनी जे उमगत नाही ते बेडूक सरकवताना उमगते.

व्हिडिओंबद्दल माझे मत थोडे कडक आहे. 'एका तासात वेबसाइट' अशा व्हिडिओसमोर बसून टंकलेले पान शिकवणाऱ्याचे असते. व्हिडिओ पाहताना सगळे कळल्यासारखे वाटते, आणि शिकवणाऱ्याने डिव्हचे बटन केले असेल तर ती चूकही तितक्याच निष्ठेने उतरवली जाते. अपवाद आहेत. केविन पॉवेल हे सीएसएसचे शिक्षक पान मोडलेले दाखवतात, ते का मोडले याचा ब्राउझरच्या तपासणी खिडकीत शोध घेतात आणि मग दुरुस्त करतात. व्हिडिओने करायचे काम हेच आहे, कारण शोध घेणाऱ्याची नजर कागदावर तितकी दाखवता येत नाही. व्हिडिओ निवडताना शिकवणारा तपासणी खिडकी उघडतो का, हे आधी पाहावे.

पुस्तकांत जॉन डकेट यांचे २०११ चे रंगीत पुस्तक अजूनही दुकानांत आणि ग्रंथालयांत पुढे मांडलेले दिसते. इतके देखणे तांत्रिक पुस्तक क्वचितच निघते. पण त्यात फ्लेक्सबॉक्स नाही, ग्रिड नाही, मांडणी फ्लोटची आहे. एचटीएमएलची प्रकरणे वाचावीत आणि मांडणीच्या प्रकरणापाशी पुस्तक मिटावे. जेनिफर रॉबिन्स यांच्या 'लर्निंग वेब डिझाइन'ची २०१८ ची पाचवी आवृत्ती त्या मानाने परिपूर्ण आहे, स्वतः शिकणाऱ्यासाठी पहिले पुस्तक म्हणून मी तिचेच नाव घेईन. एरिक मायर आणि एस्टेल वाइल यांचा हजाराहून अधिक पानांचा सीएसएसवरचा ग्रंथ २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीत आला. तो पहिल्या वर्षासाठी नाही. एखादी गोष्ट तशीच का वागते हे मुळापासून जाणून घ्यायचे असेल, तेव्हा त्याची पाने उघडावीत.

महाराष्ट्रात अनेकांची या विषयाशी पहिली ओळख अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञानात होते. बारावीच्या पाठ्यपुस्तकात प्रगत वेब डिझायनिंगचे प्रकरण आहे आणि त्यात एचटीएमएल ५ व सीएसएस दोन्ही येतात. पाया म्हणून ते ठीक. पण परीक्षा टॅगांची नावे आणि गुणधर्म विचारते, म्हणून मुले तेवढेच पाठ करतात. खासगी क्लास निवडताना जाहिरातीतल्या भाषांची संख्या मोजू नये. शिकून गेलेल्या विद्यार्थ्याने केलेले एक पान मागावे, ते फोनवर उघडावे, संगणकावर माउस बाजूला ठेवून टॅब कळीने फिरून पाहावे आणि डब्ल्यूथ्रीसीच्या मोफत तपासनिसात टाकावे. पंधरा मिनिटांत क्लासची पातळी कळते.

या सगळ्या साधनांत एक मोठी पोकळी आहे, आणि मराठीत पान लिहू पाहणारा नेमका तिच्यात पडतो. वर सांगितलेली जवळजवळ सगळी साधने रोमन लिपी गृहीत धरतात. मथळ्याच्या अक्षरांत जागा वाढवा, तो उठून दिसेल, असे ती शिकवतात. देवनागरीत लेटर-स्पेसिंग वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द अक्षराअक्षरांत विखुरतो. मथळ्याच्या ओळीची उंची अक्षराएवढीच ठेवा, असे सांगतात. मराठीत वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. महत्त्वाचा शब्द तिरका करा, म्हणतात. देवनागरी फाँटमध्ये तिरका अवतार सहसा नसतो, ब्राउझर सरळ अक्षरेच ढकलून तिरपी करतो आणि ती विद्रूप दिसतात. दुव्याखालची रेघ उकारांना छेदून जाते, ती थोडी खाली सरकवावी लागते. रोमनसाठी ओळीची उंची दीडपट पुरत असेल, तर देवनागरीला बहुधा त्याहून जास्त मोकळीक द्यावी लागते.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये असते. तिथे लँग या गुणधर्मात मराठीचा संकेत लिहायचा असतो. कुठल्या तरी नमुन्यावरून उतरवलेल्या मराठी पानावर तिथे इंग्रजीचा संकेत तसाच राहतो. पान दिसते तसेच दिसते, पण स्क्रीन रीडर मराठी मजकूर चुकीच्या आवाजात वाचू लागतो. शिवाय मराठीतला ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचे. काही फाँटमध्ये दोन्ही वळणे भरलेली असतात आणि मराठीचा संकेत सापडला तरच मराठी वळण दिसते. फाँट निवडतानाही 'दऱ्या', 'सुऱ्या', 'ॲप', 'बाळ' असे शब्द लिहून पाहावेत. र्‍याचे मराठी रूप आणि ॲ नीट उमटतात की नाही, ते लगेच दिसते. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त किंवा मराठी वळणासाठीच बेतलेला टिरो देवनागरी मराठी, असे मोफत पर्याय आज हाताशी आहेत. क्रमवार यादीला १, २, ३ असे आकडे सीएसएसच्या एका ओळीत मिळतात, ते हाताने टंकण्याचे कारण नाही.

जुन्या फाँटांचे दुखणे तर याहून खोल. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण आत रोमन अक्षरेच असतात. तो फाँट नसलेल्या यंत्रावर कचरा दिसतो, शोधयंत्राला सापडत नाही, अंध वाचकाला ऐकता येत नाही. सुगम्यतेचा आग्रह धरणारा दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. तरीही ज्याने शिकतानाच मजकूर आणि त्याचे दिसणे वेगळे आहे हे समजून घेतले नाही, त्याला ही चूक दिसणारच नाही. डब्ल्यूथ्रीसीचा आंतरराष्ट्रीयीकरणाचा विभाग भारतीय लिप्यांच्या मांडणीवर उत्तम लिहितो. पण ते लेखन तज्ज्ञांसाठी आहे, शिकणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही.

बूटस्ट्रॅप किंवा टेलविंड अशा तयार सीएसएस-संचाने सुरुवात करावी का, असे बरेच जण विचारतात. करू नये. ते पगाराच्या कामात लागतात, ते तेव्हा शिकता येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसांचा प्रश्न जास्त गंभीर आहे. ते क्षणात पूर्ण पान लिहून देतात आणि ते देखणे असते. मात्र आत डिव्हांचे ढीग आहेत की खरे टॅग, हे ओळखण्याची नजर मागणाऱ्याकडेच हवी. त्यांच्याकडून पान लिहून घेण्यापेक्षा आपण लिहिलेल्या पानातल्या चुका विचाराव्यात, आणि मिळालेले उत्तर एमडीएनशी ताडून पाहावे. असा वापर केला, तर तो सोबतीला बसलेल्या शिक्षकाच्या जवळ जातो.

सुरुवात करणाऱ्याला मी सांगेन की एकच मुख्य साधन धरावे आणि ते शेवटपर्यंत न्यावे. संगणक असेल तर एमडीएनचा शिकण्याचा विभाग किंवा ओडिन, फोनच असेल तर फ्रीकोडकॅम्प. पहिले काही आठवडे सीएसएसला हातही न लावता आपल्या गावाबद्दल, शाळेबद्दल किंवा घरच्या दुकानाबद्दल मराठीत एक लांब पान निव्वळ एचटीएमएलमध्ये लिहावे : मथळे, परिच्छेद, यादी, एक तक्ता, एक अर्ज. रोज तपासनिसातून ते काढावे, आणि संगणक असेल तर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर बसवून डोळे मिटून ऐकावे. पान ऐकून समजले तर रचना जमली.

एमडीएन आज स्पॅनिश, फ्रेंच, जपानी, कोरियन, चिनी, रशियन, पोर्तुगीज अशा भाषांत वाचता येते. मराठीत नाही. त्याचा मजकूर स्रोत सांगून आणि त्याच अटींवर कुणालाही अनुवादून प्रसिद्ध करता येतो, परवाना तसाच आहे. नवी भाषा अधिकृतपणे सुरू करायची, तर ती सांभाळणारा स्वयंसेवकांचा गट लागतो. पुण्या-मुंबईत, नागपूर-कोल्हापुरात आणि परदेशातही वेबपाने बनवण्याचे काम रोज करणारे मराठी लोक आहेत. त्यांनी सगळा साठा उचलण्याची गरज नाही. नवशिक्यांचे एचटीएमएलचे धडे, अर्ज आणि सुगम्यता यांवरची पाने, आणि शिकणाऱ्यासाठी इंग्रजीतही नीट न मिळणारे देवनागरीच्या मांडणीचे एक नवे प्रकरण, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. अकरावीत शिरणाऱ्या मुलीच्या हातात हे मराठीत पडले, तर तिला टॅग पाठ करण्याआधी त्यांचा अर्थ कळेल.